भुईवर घेणारी बाई

गवराबाई पडली ती कांद्याच्या वाफ्यात. चैत्रातलं ऊन, अकराचा सुमार, हातात खुरपं आणि पाठीमागं उपटून टाकलेल्या कांद्यांची ओळ. बोरजाईवाडीची जमीन कारखान्यांत गेली तेव्हा तिच्या घरची साडेतीन एकर गेली आणि ओढ्याकडचा तीस गुंठ्यांचा तुकडा तेवढा मागं राहिला. त्यात ती दर साली कांदा लावायचीच. मुलगा ज्ञानेश म्हणायचा, "आई, बाजारात काय कांदा मिळत न्हाई व्हय?" त्यावर ती त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. त्या दिवशी बसल्या जागी ती उजव्या अंगावर कलंडली. कुंपणापलीकडच्या कंपनीच्या वॉचमनला वाटलं, म्हातारी सावलीला आडवी झाली असेल. तिथं सावली नव्हतीच, पण एवढं त्याच्या ध्यानात यायला पाऊण तास गेला.

अर्धांगवायूचा झटका होता. चौदा दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली होती. डोळे शाबूत होते, कान शाबूत होते. दवाखान्यातल्या नर्सनं सुनेला, हर्षालीला, सगळं शिकवून पाठवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पेज भरवायची ती पाठीला उशा लावून, बसती करूनच. आडवी असताना घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही, ते पोटात न जाता छातीत जातं. हर्षालीनं हे सगळं कंपनीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

हर्षाली चाकणच्या एका कंपनीत गाडीच्या वायरी बांधायच्या लाइनवर होती. ठेकेदाराची माणूस. पहिली पाळी, बस सहा वीसला फाट्यावर. ज्ञानेश दुसऱ्या कंपनीत प्रेसवर, त्याची पाळी दर आठवड्याला फिरायची. दोघांनी मिळून महिनाभर म्हातारीचं केलं. गवराबाई हाडापेरानं थोराड बाई, सत्तर किलोच्या खाली काही नव्हती. एकट्या माणसाला ती हलत नसे. एक जण खांद्याला आणि एक जण गुडघ्याला, असं धरून 'हं' म्हटल्यावर दोघांनी ओढायचं. ज्ञानेशच्या कमरेत उसण भरली. हर्षालीच्या हाताचा वास साबणानं जाईना. जेवणाच्या सुट्टीत शेजारची मुलगी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली तेव्हा हर्षालीनं तिकडं पाहिलं नाही, खाली मान घालून चपाती संपवली. एवढं करूनही म्हातारीच्या माकडहाडावर जखम झालीच. आधी रुपयाएवढी, मग बशीएवढी.

सुट्ट्या संपल्या. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आणखी दोन दिवस मारले तर मी नाव कापतो. बाहेर दहा जणी उभ्या आहेत." तो खोटं बोलत नव्हता. सकाळी गेटवर त्या दहा जणी तिला रोज दिसायच्या.

तेव्हा मुरारीनं दुर्गाबाईचं नाव सुचवलं. मुरारी भावकीतला, ज्ञानेशचा चुलतभाऊ. त्याची आई यशोदाबाई मागच्या पौषात गेली होती.

"आमच्या आईचं चार महिनं तिनंच केलं," मुरारी ओट्यावर बसून सांगत होता. "हात लावला तर कळायचं न्हाई असा हात. आणि शेवटाला आईला खाटंवर जाऊ दिलं न्हाई तिनं. भुईवर घेतलं, तोंडात पाणी घातलं, आन मग मला हाक मारली."

"तिला आधी कळतं म्हणत्यात," ज्ञानेश म्हणाला.

"कळतंच. मारुतरावाच्या येळंला कळलं, अंबुबाईच्या येळंला कळलं. तिच्या हातनं गेलेलं एकबी माणूस पंचकात गेलं न्हाई, बोल."

बोरजाईवाडीत ही गोष्ट लहान नव्हती. जीव खाटेवर गेला तर तो अडकतो, भुईवर गेला तर सुटतो, असं तिथं सगळेच मानतात. आणि पंचकाच्या पाच दिवसांत घरातलं एक गेलं तर मागोमाग आणखी जातात, हेही मानतात. घरं आता टाइल्सची झाली होती, दारात चारचाकी आली होती, माणसं दवाखान्यात नळ्या लावून मरायला लागली होती. अशात एखादी बाई वेळ ओळखून म्हाताऱ्या माणसाला खाली घेते, फरशीवर शेणाचा सारवा देते, तुळशीचं पान ठेवते, म्हटल्यावर तिचा मान वाढणारच. दहाव्याला तिला पहिल्या पंगतीत बसवायचे. मुरारीनं तर जरीकाठी लुगडं नेसवून तिच्या पाया डोकं ठेवलं होतं.

दुर्गाबाई आली. पन्नाशीची, काटक, स्वच्छ बाई. मूळची बीडकडची. नवरा ट्रकवर होता, दोघं कासारवाडीला खोली घेऊन राहायची. तो गेल्यावर तिनं दवाखान्यात आया म्हणून आठ वर्षं काम केलं. मग घरोघरच्या अंथरुणाला खिळलेल्यांचं करू लागली. सकाळी सहाला यायची, संध्याकाळी सहाला जायची. तिनं आल्या आल्या गवराबाईची पाठ उघडी करून पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकली.

"काहून एवढं होऊ दिलंव वो वैनी?"

हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बाईचा हात खरंच चांगला होता. पंधरा दिवसांत जखमेचा वास गेला. केस विंचरलेले, नखं कापलेली, उशीचा अभ्रा रोज धुतलेला. हर्षाली कामावरून यायची तर म्हातारी भिंतीला टेकून बसलेली असायची. घरात पुन्हा वेळेवर स्वयंपाक व्हायला लागला. हर्षालीनं त्या दिवसांत दुर्गाबाईला मनोमन हात जोडले, आणि ते तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

ज्येष्ठ लागला. पाऊस येईना. पत्र्याच्या पडवीत बसवत नव्हतं आणि आतल्या खोलीत पंखा गरम वारा फिरवत होता. गवराबाईची जखम पुन्हा उघडली. तिनं पेज तोंडातून बाहेर काढायला सुरुवात केली. एका संध्याकाळी हर्षाली कामावरून आली, तर सासूनं अंथरूण भरवलेलं आणि दुर्गाबाई बदलायला हात मागत होती. दोघींनी बदललं. हर्षाली सकाळी चारला उठलेली होती. तिनं चादर बादलीत टाकली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "सुटली तर बरं होईल बाई आता. त्यांचंही आणि आमचंही."

तिनं ते आवाज न चोरता म्हटलं. खाटेपासून चार हातांवर.

दुर्गाबाईनं पदरानं हात पुसले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन उभी राहिली.

"परवापासून पंचक लागायलंय," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही वो. म्हणलं सांगावं."

हर्षाली भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशीही असाच उकाडा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पंचक लागायच्या दिवशी, दुर्गाबाई नेहमीपेक्षा लवकर आली. पंचक सायंकाळी पाचानंतर लागणार होतं, हे हर्षालीनं नंतर दिनदर्शिकेत पाहिलं. ज्ञानेश तिसऱ्या पाळीला होता, तो यायला साडेआठ वाजायचे. हर्षाली डबा भरून, ओळखपत्र गळ्यात घालून तयार होती. तिनं सासूला स्वतः पेज भरवली होती. आज म्हातारीनं अर्धी वाटी खाल्ली होती आणि चमचा पुढं आल्यावर आपण होऊन तोंडही उघडलं होतं.

"वैनी, जाण्याआधी जरा पाय धरता का?" दुर्गाबाईनं आतून हाक मारली. "खाली घेऊ त्यांना. गादीनं पाठ भाजायली. गार फरशीवर बरं वाटंल."

हर्षाली आत गेली. खाटेशेजारी फरशीवर पुरुषभर लांबीचा सारवा दिलेला होता. ओला, हिरवट, बोटांच्या रेघा स्पष्ट दिसणारा. पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर तो डोळ्यात भरत होता. हर्षाली दाराशी थांबली.

"हे कशाला?"

"शेणानं गारवा ऱ्हातो. मुंग्या लागत नाहीत," दुर्गाबाई म्हणाली. "धरा लवकर, गाडी चुकंल तुमची."

हर्षालीनं घड्याळ पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. तिनं डबा खिडकीत ठेवला आणि सासूचे पाय धरले. दुर्गाबाईनं काखेत हात घातले. 'हं' म्हटल्यावर दोघींनी उचललं आणि खाली ठेवलं. गवराबाईनं आधी सारव्याकडं पाहिलं आणि मग सुनेकडं. तिच्या घशातून काहीतरी आवाज आला. तसे आवाज ती दिवसातून वीसदा काढायची. हर्षालीनं हात धुतले, डबा घेतला आणि फाट्याकडं निघाली.

फाट्यावर कोंडीराम दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून उभा होता. आख्ख्या वाडीत आता म्हशी फक्त त्याच्याकडंच होत्या. बाकीच्यांनी जमिनीबरोबर जनावरंही काढून टाकली होती. माणूस बोलघेवडा. हर्षालीला बघून त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि चेहरा गंभीर केला.

"गवरावैनी लयच बिघडल्या म्हणायच्या."

"नाही ओ भाऊजी. आज पेज खाल्ली त्यांनी."

"खाल्ली?" कोंडीराम गोंधळला. "मग काल सांजंला बाई शेण घिऊन गेली ती? मला वाटलं, आता आज उद्याचंच हाय. यशोदाबाईच्या येळंलाबी आदल्या सांजंलाच शेण नेलं तिनं. मारुतरावाच्या येळंला तसंच. अंबुबाईच्या येळंला मी म्हणलं, अगं म्हातारी काल वट्यावर बसली हुती की. तर दुसऱ्या दिशी दुपारी गेली बघ." त्यानं हात जोडून कपाळाला लावले. "आधी कळतं तिला. देवाचं देणं असतं एकेकाला."

बस आली. हर्षाली चढली आणि तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली.

इथं सांगणाऱ्यानं हर्षालीची बाजू घ्यायची म्हटली तरी घेता यायची नाही. तिला तिथल्या तिथं कळलं. कोंडीराम चाळीस वर्षं शेण काढत होता आणि त्याला जे दिसलं नाही ते तिला बसच्या पायरीवरच दिसलं. खाल्लेली पेज, सारवा, पंचक, 'पाय धरता का'. तरी ती बसून राहिली. पहिला थांबा गेला, दोन मुली चढल्या. तिनं जागा दिली. तिच्या मनात आलं की संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळं झालेलं असेल. रडारड होईल, तेरा दिवस जातील, मग घरात वास राहणार नाही. आपण काही केलेलं नाही. आपण फक्त पाय धरले. दुसरा थांबाही गेला. तेव्हा तिनं हाताचा वास घेतला. सवयीनंच, रोज घ्यायची तसा. शेणाचा वास होता. तिला पाय आठवले, धरले तेव्हा ते ऊबदार होते.

"थांबवा," ती ओरडली. "उतरायचंय. थांबवा."

चालकानं आरशातून पाहिलं. "मॅडम, पुढं गेटलाच आता."

"थांबवा म्हणतेय ना."

रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. रिक्षा मिळेना. ती वाहनांच्या उलट्या दिशेनं पळत सुटली, ओळखपत्र छातीवर आपटत होतं, डबा कुठं पडला ते तिला समजलं नाही. अर्ध्या वाटेत एका टेम्पोवाल्यानं घेतलं. फाट्यापासून पुन्हा पळाली. आयुष्यात एवढी ती कधी घाबरली नव्हती. सासू मेली असेल याची भीती होतीच. आपण दोन थांबे बसून राहिलो, ही भीती त्याहून मोठी होती.

दार नुसतं लोटलेलं होतं.

गवराबाई सारव्यावर उताणी होती. दुर्गाबाई तिच्या उशाशी मांडी घालून बसलेली, म्हातारीचं डोकं मांडीवर मागं कलतं घेतलेलं. एका हाताच्या चिमटीत नाक धरलं होतं. दुसऱ्या हातात फुलपात्र होतं आणि त्यातून पाण्याची बारीक धार तोंडात सुटली होती. बाई तोंडानं रामनाम घेत होती. घाई कसलीच नव्हती. गवराबाईचा डावा पाय चालू होता, टाच फरशीवर घासत होती. तेवढ्या जागेवरचं शेण खरवडून खालची पांढरी टाइल दिसायला लागली होती.

"आलाव का," दुर्गाबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "बरं झालं, वेळंवर आलाव. शेवटचं पाणी घरच्याच्या हातचं पाह्यजे. घ्या."

आणि तिनं फुलपात्र हर्षालीपुढं धरलं.

हर्षालीनं ते हातानं उडवलं. तिनं सासूला दोन्ही हातांनी ओढून कुशीवर केलं. एकटीनं. सत्तर किलोचं अंग त्या वेळी तिच्यानं हललं, ते तिला पुन्हा कधी जमलं नाही. नाकातोंडातून पाणी आलं, पेज आली, मग खोकला आला. खोकला ऐकून हर्षाली तिथंच शेणात बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"काहून असं करायलाव?" दुर्गाबाईला खरंच कळत नव्हतं. "छान चालल्या होत्या की शांत. आणखी घटकाभराचं काम होतं."

"तू मारत होतीस त्यांना!"

"म्या?" बाईनं फुलपात्र उचललं, पदरानं पुसलं. "म्या कुणाच्या मनाविरुद्ध काही करत नसते वैनी. तुमच्या तोंडून निघालं, म्या ऐकलं. पायबी तुमीच धरलाव."

ती पळून गेली नाही. तिनं मोरीत जाऊन हात धुतले, चटई गुंडाळून ठेवली आणि पोलीस येईपर्यंत ओट्यावर बसून राहिली. ज्ञानेश आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, "आईला ऊन पाण्यानं पुसून घ्या, गारठतील."

चौकीत तिनं सगळं सांगितलं. कुणी एक विचारलं की ती दोन सांगायची. नऊ माणसं. पहिली कासारवाडीच्या खोलीतली तिची स्वतःची सासू. अकरा महिने पडून होती. एकदा नवऱ्याला पाय धरायला लावून खाली घेतली आणि तिच्या तोंडात पाणी घातलं, तर ती गेलीच. पाणी जास्त झालं होतं. पण नवरा म्हणाला, सोडवलंस माझ्या आईला. मग पुनावळ्याचे दोन, ताथवड्याची एक, कासारवाडीतलाच एक म्हातारा शिक्षक. मग इकडं चाकणकडं अंबुबाई, मारुतराव, यशोदाबाई. नववी गवराबाई, ती तिनं मोजलीच होती. तारखा तिला येत नव्हत्या, तिथ्या मात्र सगळ्या पाठ. कोणत्या घरी काय नेसवलं, दहाव्याला कोण कोण पाया पडलं, हेही. दागिन्याला तिनं कधी हात लावला नाही. का केलंस, असं फौजदार बाईंनी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ती वैतागली.

"लोक दारात उभे राहून सुटली तर बरं, सुटली तर बरं म्हणतेत. हात कुणी लावत नाही. म्या लावला."

पण कबुली पोलिसांसमोरची. वकील उभा राहिला की ती पुसली जाते, हे फौजदार बाईंना ठाऊक होतं. आठ प्रेतं जळून गेली होती. तिची सासू सोडता बाकीच्या सातही जणांच्या घरच्यांनी लिहून दिलं की आमचं माणूस वयानं, आपल्या मरणानं गेलं. मुरारीनं तर सांगितलं, "बाईवर खोटा आळ हाय." कोंडीरामनं शेणाचं सांगितलं, पण शेण नेणं हा गुन्हा नव्हे. आणि दुर्गाबाईचा वकील म्हणू लागला, म्हातारीची घरघर लागली म्हणून बाईनं रिवाजाप्रमाणं खाली घेतलं, पाणी घातलं, तेवढ्यात सून आली आणि तिचा गैरसमज झाला.

म्हणजे सगळं येऊन एका गोष्टीवर ठेपलं. सकाळी सहा वाजता गवराबाई मरायला टेकली होती की नव्हती. ते सांगू शकणारी एकच बाई होती, हर्षाली.

"सत्तर किलोची बाई तिनं एकटीनं कशी खाली घेतली, हे कोर्टात विचारणार," फौजदार बाई ज्ञानेशला म्हणाल्या. "तुमच्या मिसेसना परवा जबाबाला पाठवा."

ज्ञानेश घरी आला आणि पडवीत बसून राहिला. हर्षालीनं त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. सारवा, पाय, दोन थांबे.

"पायाचं बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "तू कामावरनं परत आलीस, बघितलंस, सोडवलंस. एवढंच. बाकी काय इचारलं तर म्हाईत न्हाई."

"मग ती सुटेल."

"सुटली तर सुटली. तुला आत घातलं तर आईचं कोण करणार? आन गाव काय म्हणंल? सुनंनं पाय धरलं."

हर्षाली आत गेली. गवराबाईला छातीत पाणी गेल्यामुळं ताप येऊन गेला होता, आता उतरला होता. ती जगणार असं डॉक्टर म्हणाला होता. हर्षालीचं नाव कंपनीतून कापलं गेलं होतं, ती आता दिवसभर घरीच असे. तिच्या हातची पेज म्हातारी खायची. तोंड पुसू द्यायची. पण चादर बदलायला हर्षाली खाटेच्या पायगताला गेली की म्हातारीचा डावा, चांगला पाय झटकन वर ओढला जायचा. हर्षालीनं एकदा हळूच घोट्याला हात लावला. पाय थरथरला आणि भिंतीला जाऊन चिकटला. म्हातारी तिच्याकडं टक लावून बघत होती. रागानं बघती तर हर्षालीनं सहन केलं असतं. तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. त्या दिवसापासून हर्षाली कूस बदलताना खांद्याला धरायची आणि पायाला ज्ञानेशला बोलवायची.

जबाबाच्या दिवशी फौजदार बाईंच्या टेबलावर पंखा गरगरत होता आणि कागदांवर पेपरवेट ठेवले होते. शिपाई लिहून घेत होता. हर्षालीनं नाव सांगितलं, वय सांगितलं, पेज किती खाल्ली ते सांगितलं.

"आरोपीनं त्यांना खाली घेतलं ते तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं."

"एकटीनं घेतलं?"

हर्षालीला दारातून बाहेरच्या बाकावर बसलेला ज्ञानेश दिसत होता. त्यानं मान खाली घातली होती.

"नाही. खांद्याला ती होती. पाय मी धरले."

शिपायाचा पेन थांबला. फौजदार बाईंनी त्याला लिहा अशी खूण केली.

"ती काय करणार आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"सारवा दिसला होता. मी विचारलं, तिनं गारवा म्हणून सांगितलं. मला ते पटलं नव्हतं." हर्षाली एका दमात म्हणाली, "पण उशीर होत होता, आणि मला खोलात जायचं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर कळलं. तरी दोन थांबे उतरले नाही. तेही लिहा."

सही करून ती बाहेर आली. ज्ञानेश गाडी काढायला गेला. पायरीपाशी मुरारी उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपण होऊनच आला होता आणि बराच वेळ तिथं असावा, कारण सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"काय सांगितलंस?"

"पाय मी धरले म्हणून सांगितलं."

मुरारीनं मान हलवली. मग दोन्ही हात पुढं घेऊन त्यांच्याकडं बघत राहिला.

"आईनं माझ्याकडं बघितलं हुतं," तो म्हणाला. "खाली ठिवताना. मी म्हणलं, बाईला कळतं, आपल्याला काय कळतंय." त्यानं हात सदऱ्याला पुसले. "वैनी, पाय धरणाऱ्याचंबी नाव लिवत्यात का गं?"

"लिहितात. माझं लिहिलं."

मुरारीनं मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली, परत खिशात घातली आणि चौकीच्या पायरीवर बसून राहिला.